एरिक्सनच्या आठ पायऱ्या, गद्धेपंचविशी आणि आमचे अण्णा

अंगणवेल

नमस्कार मंडळी. बरेच दिवस मनात घोळत होतं, आज बसून लिहितेच.

आमच्या घरात सध्या तीन पिढ्या आहेत. माझे वडील (आम्ही अण्णा म्हणतो) ७४, नवरा ४९, मी ४६ आणि लेक १७. लेकीने गेल्या महिन्यात अकरावीच्या मध्यावर प्रवेशपरीक्षेचा क्लास सोडला. रडली नाही, भांडली नाही. जेवताना भाजी वाढून घेत म्हणाली, "आई, मला गणित येतं. पण मला इंजिनिअर व्हायचंय की नाही तेच माहीत नाही. ते माहीत नसताना रोज सहा तास तिथे बसणं मला जमत नाहीये."

नवरा गप्प झाला. अण्णांनी ताट पुढे सरकवलं. "आमच्या वेळी काय व्हायचंय असं विचारणारं कोणी नव्हतं. एकोणिसाव्या वर्षी एस.टी.च्या वर्कशॉपात हातात पाना धरला तो अठ्ठावन्नाव्या वर्षी खाली ठेवला." एवढं बोलून हात धुवायला उठले. आवाजात राग नव्हता. काय होतं ते मला त्या दिवशी कळलं नाही, म्हणून तर हा धागा.

बी.ए.ला माझं मानसशास्त्र होतं. माळ्यावरून जुनी वही काढली. एरिक एरिक्सन या मानसशास्त्रज्ञाने १९५० साली माणसाच्या आयुष्याचे आठ टप्पे मांडले. पहिल्या वर्ष-दीड वर्षात बाळाला एकच गोष्ट कळून घ्यायची असते : हे जग भरवशाचं आहे का, मी रडलो की कोणी येतं का. मग तीन वर्षांपर्यंत "माझं मी करीन", नाहीतर लाज आणि शंका. शाळेआधी पुढाकार, नाहीतर अपराधीपणा. प्राथमिक शाळेच्या वयात "मला काहीतरी येतं", नाहीतर न्यूनगंड. कुमारवयात "मी कोण". तरुणपणी दुसऱ्याशी खरी जवळीक, नाहीतर एकटेपण. मध्यमवयात पुढच्यांसाठी काही उभं करणं, नाहीतर साचून राहणं. आणि म्हातारपणी मागे बघून "झालं ते माझंच होतं" असं म्हणता येणं, नाहीतर हळहळ. त्याआधी मनोविश्लेषणाचा जनक फ्रॉइड, त्याची सगळी मांडणी बालपण-कुमारवयाशी येऊन थांबत होती. या माणसाने ती थेट म्हातारपणापर्यंत नेली, म्हणून तो मला तेव्हाही आवडला होता.

वही वाचताना जाणवलं की लेक पाचव्या पायरीवर आहे, आम्ही दोघं सातव्या, अण्णा आठव्या. सगळे एकाच डायनिंग टेबलाशी.

तर प्रश्न दोन. अण्णांसारख्या माणसांच्या आयुष्यात ती पाचवी पायरी आलीच नाही का? आणि राहून गेलेली पायरी नंतर चढता येते का?

---

चकली

पहिली! आमच्याकडे अडीच वर्षांचे चिरंजीव दुसऱ्या पायरीवर मांडी ठोकून बसले आहेत. दिवसभर एकच मंत्र, "मी कलनाल." काल शर्टाची बटणं स्वतः लावायची होती. जीभ बाहेर काढून, श्वास रोखून, दोन्ही हातांच्या चिमटीत बटण धरून तीन बटणं लावली. एक खालच्या काजात गेलं होतं. मी नीट करायला हात पुढे केला तर असा बघितला माझ्याकडे की मी हात मागे घेतला. तसाच पाळणाघरात गेला, छाती पुढे काढून.

वीस मिनिटं उशीर झाला मला. पण बटणं त्याची होती.

---

कोकणकडा

रुमाल. रात्री सविस्तर लिहितो.

---

रोखठोक

धागा चांगला आहे, पण एक विचारतो. आपल्याकडे हे सगळं हजारो वर्षांपासून सांगितलेलं असताना एरिक्सन कशाला हवा? "लालयेत् पञ्च वर्षाणि दश वर्षाणि ताडयेत्, प्राप्ते तु षोडशे वर्षे पुत्रं मित्रवदाचरेत्." पाच वर्षं लाड, पुढची दहा वर्षं धाक, सोळावं लागलं की मित्र. पुढे चार आश्रम आहेतच. ब्रह्मचर्य, गृहस्थ, वानप्रस्थ, संन्यास. प्रत्येक वयाचं काम ठरवून दिलेलं. आणि तुमच्या वडिलांचं बरोबर आहे. काम हातात आलं की "मी कोण" हा प्रश्न पडत नाही. रिकामपणामुळे पडतो.

---

रानजाई

@रोखठोक, श्लोक मलाही पाठ आहे, आजोबांनी करून घेतला होता. पण त्यात पुत्रच आहे. सोळाव्या वर्षी मुलीशी मित्रासारखं वागायचं की कसं, ते कुठे आहे? माझ्या आजीचं सोळाव्या वर्षी पहिलं बाळंतपण झालं होतं. आश्रमांचंही तेच. ब्रह्मचर्याश्रम मुंजीनंतर सुरू. ज्यांची मुंज होत नव्हती त्यांनी कुठल्या आश्रमात बसायचं? आणि जन्मापासून सात-आठ वर्षांपर्यंतच्या मुलाच्या मनात काय चाललंय याबद्दल आश्रमव्यवस्था बोलतच नाही. आश्रम सांगतात माणसाने काय करावं. एरिक्सन बघतो माणसाच्या आत काय घडतं. दोन्ही वाचावं, पण एक आहे म्हणून दुसरं नको हे मला पटत नाही.

"रिकामपणामुळे पडतो" यावर तर साफ असहमत. माझ्या आईला हा प्रश्न ५१व्या वर्षी पडला, चार माणसांचा स्वयंपाक, सासूचं आजारपण आणि शिवणाची कामं यांच्या मधोमध. कपडे वाळत घालताना म्हणाली, "माझं नाव घेऊन मला शेवटची हाक कोणी मारली होती ग?" मला उत्तर देता आलं नव्हतं.

@अंगणवेल, एक विचारू का? अण्णांना काय व्हायचं होतं, हे तुम्ही त्यांना कधी विचारलंय?

---

शमी

मी शाळांमधून समुपदेशनाचं काम करते, म्हणून थोडं तपशिलात लिहिते.

एक म्हणजे, या पायऱ्या म्हणजे परीक्षा नव्हेत. "विश्वास विरुद्ध अविश्वास" असं वाचलं की वाटतं, विश्वास जिंकला पाहिजे आणि अविश्वास शून्य झाला पाहिजे. एरिक्सनला तसं म्हणायचं नव्हतं. ज्या मुलाला अजिबात अविश्वास नाही ते अनोळखी माणसाच्या गाडीतही बसेल. दोन्ही लागतात, फक्त पारडं भरवशाकडे झुकलेलं हवं. त्या ओढाताणीतून माणसाच्या हाती काहीतरी लागतं असं तो म्हणायचा. पहिल्या टप्प्यातून आशा, दुसऱ्यातून इच्छाशक्ती, पाचव्यातून निष्ठा, सातव्यातून काळजी घेण्याची वृत्ती आणि शेवटच्यातून शहाणपण.

आता अंगणवेलचा पहिला प्रश्न. जेम्स मार्सिया नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९६६ साली पाचव्या पायरीचे चार प्रकार सांगितले. काही जण शोधतही नाहीत आणि ठरवतही नाहीत. काही शोधत असतात, ठरलेलं नसतं. तुमची लेक आज तिथे आहे. काही शोधून ठरवतात. आणि काहींचं शोधण्याआधीच ठरून जातं, दुसरं कोणी ठरवतं किंवा परिस्थिती ठरवते. अण्णा या चौथ्या प्रकारातले. त्यांचा गोंधळ झाला नाही याचं कारण दार उघडण्याआधीच लावलं गेलं. अशी माणसं बाहेरून अगदी पक्की दिसतात, आयुष्यभर जबाबदारीने वागतात. त्यांच्याबद्दल मला फार आदर आहे. पण लावलेल्या दारामागे काय होतं हे त्यांना कोणी विचारत नाही, हे रानजाई म्हणते ते खरं.

@रोखठोक, तुमच्या मुद्द्याला तिथेही जागा आहे. सुधीर कक्कर हे आपल्याकडचे मनोविश्लेषक १९६०च्या दशकात अहमदाबादला एरिक्सनला भेटले, पुढे त्याच्या हाताखाली काम केलं, आणि त्यांनी या टप्प्यांची आश्रमांशी तुलना करून लिहिलंही आहे. एरिक्सनला स्वतःला आश्रमकल्पनेत रस होता.

---

गिरणगावकर

शमीताई, सातव्या पायरीबद्दल वाचलं आणि राहवलं नाही.

माझे वडील लालबागला कापडगिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागावर, होते. १८ जानेवारी १९८२ला संप झाला तेव्हा त्यांचं वय ४१. अडीच लाख कामगार एकदम बाहेर. आधी वाटलं महिन्या-दोन महिन्यांत मिटेल. तो कधी मिटलाच नाही. आईने चाळीत पापड लाटायला घेतले, आम्ही दोघं भाऊ सकाळी पेपर टाकायचो. पण वडिलांचं काय झालं ते मी तेव्हा नववीत असून बघितलंय. सकाळी पावणेसातला उठून तयार व्हायचे. पाळीवर जायचं नाही हे माहीत असून. डबा नाही, भोंगा नाही, तरी शर्टाची घडी मोडून घालायचे आणि गॅलरीत उभे राहायचे.

पगार गेल्याचं दुःख होतंच. पण त्यांच्या हाताखाली गावाकडची चार-पाच पोरं साच्यावर तयार होत होती, तुटलेला धागा डोळे मिटून कसा सांधायचा ते शिकत होती. ती पोरं गेली, ते शिकवणं गेलं. आज तुमचा शब्द वाचून कळतंय, त्यांचं साचून राहणं तिथून सुरू झालं. दोन वर्षं घरात फारसं बोलले नाहीत.

मग चाळीच्या भजनी मंडळातले पखवाजवाले बुवा आजारी पडले. वडिलांना गावी असताना थोडं येत होतं. आधी साथ करायला बसले, मग शेजारचा एक मुलगा म्हणाला, काका मलाही दाखवा. मग दोन झाले, मग सहा. संध्याकाळी जिन्याखाली कणीक भिजवून पखवाजाला लावायचे आणि पोरं भोवती बसायची. मी बारावीत असताना एकदा ते हसताना ऐकले आणि मी वही मिटून नुसता ऐकत बसलो.

राहिलेली पायरी चढता येते का, विचारलंत. माझ्या वडिलांची तर पायाखालून काढून घेतली होती. त्यांनी दुसरीकडून जिना शोधला.

---

अंगणवेल

गिरणगावकर, तुमचा प्रतिसाद नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवला. त्याचेही काका संपात होते. दोघंही बराच वेळ काही बोललो नाही.

@रानजाई, नाही. ४६ वर्षांत एकदाही विचारलेलं नाही.

---

शमी

गिरणगावकर, तुम्हाला ठाऊक असेल-नसेल, एरिक्सनने गांधीजींवर जे पुस्तक लिहिलं ते एका गिरणीच्या संपावरच आहे. अहमदाबादचा १९१८चा. गांधीजी तेव्हा ४८ वर्षांचे होते. मध्यमवयातला माणूस इतरांची जबाबदारी अंगावर घेतो म्हणजे नेमकं काय करतो, हे त्याला त्या संपातून बघायचं होतं. त्यासाठी तो त्या संपाच्या आठवणी असलेल्या माणसांशी अहमदाबादला जाऊन बोलला. पुस्तक १९६९ साली आलं, पुढच्या वर्षी त्याला पुलित्झर पुरस्कार मिळाला.

---

गिरणगावकर

हे माहीत नव्हतं. शोधून वाचतो.

---

सुईदोरा

घाबरत घाबरत विचारते. माझी मुलगी सात महिन्यांची असल्यापासून पाळणाघरात आहे, सकाळी नऊ ते संध्याकाळी साडेसहा. आता सव्वा वर्षाची आहे. पहिल्या पायरीबद्दल वाचलं आणि पोटात गोळा आला. तिचा भरवसा माझ्यामुळे कच्चा राहील का? नोकरी सोडण्यासारखी परिस्थिती नाही.

---

शमी

@सुईदोरा, नाही हो. एरिक्सनने स्वतःच म्हटलंय की भरवसा हा दुधाच्या किंवा लाडाच्या मापावर ठरत नाही, नात्याच्या प्रतीवर ठरतो. संध्याकाळी तुम्हाला बघून ती काय करते?

---

सुईदोरा

दारातून माझ्या चपलांचा आवाज आला की रांगत येते. चालता येतं तिला, पण घाईत असली की रांगते. येऊन माझा ओढणीचा शेव तोंडात घालते.

---

शमी

मग काळजी करू नका. ज्याच्यावर भरवसा नाही त्याच्याकडे मूल अशी घाई करून येत नाही. पाळणाघरातल्या मावशी त्याच त्याच राहताहेत का, सारख्या बदलत तर नाहीत ना, एवढं मात्र बघत राहा.

---

चकली

सुईदोरा, तुला एक मोठ्ठी मिठी. आमचा चिरंजीव पण सहाव्या महिन्यापासून तिथेच आहे. आता मी न्यायला गेले की "थांब, खेलतोय" म्हणतो. भरवसा इतका पक्का की आईला ताटकळत ठेवतो.

---

दूरदेशी

न्यू जर्सीहून. आमचा मुलगा २४चा. दोन नोकऱ्या सोडून गेल्या वर्षी घरी परत आला. इथल्या ओळखीच्यांना सांगताना आम्हाला अवघड व्हायचं. मग समजलं की जेफ्री आर्नेट नावाच्या संशोधकाने २००० साली अठरा ते पंचवीस या वयाला एक वेगळाच टप्पा म्हटलंय. कुमारवय संपलेलं, प्रौढपण सुरू न झालेलं. मी बायकोला म्हटलं, अगं याला आपल्याकडे शब्द आहे. गद्धेपंचविशी! पंचविशीपर्यंत माणूस गाढवासारखा वागणारच हे आपल्या लोकांनी धरूनच ठेवलं होतं. शब्दात थोडी चेष्टा आहे, पण त्याहून जास्त माफी आहे. इतक्या मायेचा शब्द मला इंग्रजीत सापडलेला नाही.

आणखी एक. खुद्द एरिक्सनची गद्धेपंचविशी बघा. जन्म १९०२, फ्रँकफुर्टला. आई डॅनिश ज्यू. खरे वडील कोण हे त्याला कधीच नीट कळलं नाही. आईने पुढे मुलांच्या डॉक्टरशी लग्न केलं आणि हेच तुझे वडील असं त्याला सांगण्यात आलं. दिसायला उंच, गोरा, निळ्या डोळ्यांचा. शाळेत मुलं ज्यू म्हणून चिडवायची आणि सिनेगॉगमध्ये परका म्हणून. शाळा संपल्यावर चित्रकार व्हायचं म्हणून युरोपभर भटकत राहिला. पंचविशीच्या आसपास एका मित्राने व्हिएन्नाला शिकवायला बोलावलं, तिथे अॅना फ्रॉइड या फ्रॉइडच्या मुलीच्या हाताखाली मुलांच्या मनाचा अभ्यास सुरू झाला. १९३३ साली अमेरिकेत आला. विद्यापीठाची पदवी त्याच्याकडे कधीच नव्हती. आणि १९३९ साली अमेरिकन नागरिक होताना आडनाव घेतलं एरिक्सन. म्हणजे एरिकचा मुलगा एरिक.

"मी कोण" हा प्रश्न याच माणसाला का सुचला असेल, सांगा.

---

रोखठोक

@दूरदेशी, हे वाचून थांबलो. स्वतःचा बाप स्वतःच व्हायचं म्हणजे काय असेल.

माझे वडील मी तीन वर्षांचा असताना गेले. मामांनी वाढवलं. घरात शिस्त कडक होती आणि मी त्याला आजवर चांगलंच म्हणत आलो. वरच्या श्लोकातला "ताडयेत्" मला लहानपणी दररोज ऐकवला जायचा, "लालयेत्" कधीच नाही. श्लोक मी मागे घेत नाही. पण रिकामपणाबद्दल जे लिहिलं ते घाईत लिहिलं. रानजाई, तुमच्या आईंची ती हाक वाचून वाईट वाटलं.

---

रानजाई

@रोखठोक, मनापासून आभार. आईला आता आम्ही सगळे नावाने हाक मारतो, नातवंडंसुद्धा. आधी लाजायची, आता नाही मारली तर ओ देत नाही.

---

पाचवा_कप

थोडं अवांतर. एरिक्सन मनाचं सांगतो, विचारशक्ती कशी वाढते हे स्वित्झर्लंडच्या जाँ पियाजेने सांगितलं. स्वतःच्या तीन मुलांचं तो तासन्‌तास निरीक्षण करायचा. त्याचा एक प्रयोग मी आत्ता स्वयंपाकघरात केला, पुतणी साडेचार वर्षांची आहे. दोन सारख्या पेल्यांत सारखं ताक. "सारखं आहे?" "हो." मग तिच्या डोळ्यांदेखत एका पेल्यातलं ताक उंच, अरुंद ग्लासात ओतलं. "आता?" "यात जास्त!" परत पेल्यात ओतलं. "आता?" "सारखं." परत ग्लासात. "यात जास्त!" आणि तो ग्लास उचलून पिऊन टाकला.

तिचा नऊ वर्षांचा दादा बाजूला उभा राहून कपाळाला हात लावत होता. त्याला हे इतकं उघड दिसतंय की बहिणीला दिसत नाही यावर त्याचा विश्वास बसेना. मी त्याला सांगितलं, चार वर्षांपूर्वी तू पण हेच म्हणाला असतास. म्हणाला, "शक्यच नाही."

---

चकली

घरात भांडणं टाळायची असतील तर एका मापाचे पेले घ्या, हा पियाजेचा खरा उपयोग. :-)

---

मोगरी

आमच्या आई अंगणवाडीत होत्या, पालघर जिल्ह्यात. त्यांच्या तोंडून कोसबाडच्या गोष्टी ऐकत वाढले. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं, अनुताई वाघ त्यांच्याबरोबर होत्या, पुढे सगळं कोसबाडच्या टेकडीवर आलं. वारली पाड्यांतली मुलं शाळेत येत नव्हती, तर या बायकाच मुलांच्या अंगणात गेल्या. अंगणवाडी हा शब्द तिथला. आणि जी मुलं गुरं चारायला जायची त्यांच्यासाठी कुरणशाळा. गुरं चरताहेत, मुलं झाडाखाली शिकताहेत.

चौथ्या पायरीबद्दल वाचताना मला हेच आठवलं. आठ-नऊ वर्षांचा वारली मुलगा वीस गुरं एकटा सांभाळतो. कुठली गाय आज नीट चरली नाही ते त्याला कळतं, कुठला पाला विषारी ते कळतं. म्हणजे "मला येतं" हे त्याच्याकडे भरपूर आहे. मग तो शाळेत येतो आणि प्रमाणभाषेतलं पुस्तक वाचता येत नाही म्हणून पहिल्याच आठवड्यात ढ ठरतो. न्यूनगंड त्याच्यात नव्हताच, आपण नेऊन ठेवला. कुरणशाळेत तो गुराखी म्हणूनच शिकायचा. आई म्हणायच्या, पोराला जे येतं ते आधी विचारा, जे येत नाही ते मग शिकवा.

---

अडकित्ता

सगळं छान चाललंय, पण एक मिठाचा खडा टाकतो. या आठ पायऱ्यांना भक्कम पुरावा कितपत? एरिक्सनने रुग्ण बघितले, मुलांचा खेळ बघितला, काही थोर माणसांची चरित्रं अभ्यासली आणि त्यातून मांडणी केली. वयं सगळीकडे सारखी कशी असतील? आणि आधी "मी कोण" मग "जवळीक" हा क्रम तरी सगळ्यांना लागू होतो का?

---

शमी

खडा योग्य जागी पडला. ही मांडणी मोजमापातून आलेली नाही, बारकाईने बघण्यातून आली आहे. वयं ढोबळच धरायची. क्रमाबद्दल तर कॅरल गिलिगन या मानसशास्त्रज्ञ बाईनेही, जिने हार्वर्डला एरिक्सनबरोबर शिकवलं होतं, १९८२ साली आक्षेप घेतला. आधी वेगळं व्हायचं, मग जवळ यायचं हा मुलग्यांचा रस्ता आहे, मुलींच्या बाबतीत "मी कोण" हे नात्यांमधूनच उलगडत जातं असं तिचं म्हणणं. मी हे टप्पे नकाशासारखे वापरते. समोरचं मूल हे खरं गाव. दोन्हींत फरक दिसला की मी गावावर विश्वास ठेवते.

---

सांजवात

मी एरवी फक्त वाचते. आज लिहिते.

माझी आई ८८ वर्षांची आहे. हिशेब, लग्नाच्या तारखा, कुणाची किती मुलं, सगळं चोख. पण गेल्या वर्षी न्हाणीघरात पडली आणि तेव्हापासून तिचा स्वतःच्या पायांवरचा विश्वास गेला. कठड्याला धरते, पुढचं पाऊल टाकण्याआधी फरशी पायाने चाचपते. रात्री माझ्या पदराचं टोक मुठीत धरून झोपते. मी हळूच सोडवायला गेले की जागी होते आणि म्हणते, "आहेस ना?"

एरिक्सनची बायको जोन, तिने नव्वदी ओलांडल्यावर नवव्या टप्प्याबद्दल लिहिलं. १९९७ साली त्यांच्या पुस्तकाच्या वाढवलेल्या आवृत्तीत ते आलं. तिचं म्हणणं असं की अगदी शेवटी पहिल्या पायऱ्यांवरचे प्रश्न परत येतात. शरीर भरवशाचं राहत नाही. आपलं आपण करता येत नाही, त्याची लाज वाटते. वाचलं तेव्हा मी आईच्या खाटेशीच बसले होते.

वर सुईदोराची छोटी ओढणीचा शेव तोंडात घालते. माझी आई पदर मुठीत धरते. मी आता सोडवत नाही. पदर तिच्या हातात ठेवूनच झोपते.

---

सुईदोरा

सांजवात, डोळे भरून आले. लेकीला जवळ घेऊन बसलेय.

---

कोकणकडा

रुमाल उचलतो, उशीर झाला.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर माझ्यापुरतं देतो. वडिलांनी बागेवर कर्ज काढलं होतं, दोन बहिणींची लग्नं व्हायची होती. पंचविशी ते चाळिशी मी फक्त हप्ते फेडले. मित्रांच्या लग्नांत पंगती वाढल्या. कुणाशी मनातलं बोलायची सवयच राहिली नाही. ४३व्या वर्षी लग्न केलं. ती ३९ची, तीही घरच्या जबाबदाऱ्यांतून उशिरा मोकळी झालेली. पहिली दोन वर्षं फार कठीण गेली. ती विचारायची, "काय झालंय?" आणि मी म्हणायचो, "काही नाही." खरंच वाटायचं, काही नाही. मग एकदा आंबा उतरवताना तीच झाडाखाली जाळी धरून उभी होती. वरून मला एकदम बोलावंसं वाटलं आणि मी फांदीवर बसून वडिलांबद्दल सगळं सांगितलं. खाली बघायचं नव्हतं, म्हणून सोपं गेलं असेल. ती जाळी धरून तशीच उभी राहिली, अर्धा तास.

आज लग्नाला नऊ वर्षं झाली. उशिरा चढलो, पण चढलो.

---

अंगणवेल

मंडळी, चार दिवसांनी येतेय. सगळे प्रतिसाद वाचले, काही दोनदा.

रानजाईचं ऐकून अण्णांना विचारलं. शनिवारी संध्याकाळी ते शेंगा सोलत बसले होते. मी शेजारी बसून सोलायला घेतल्या आणि विचारलं, "अण्णा, शाळेत असताना तुम्हाला काय व्हायचं होतं?" त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही. शेंगा सोलत राहिले. मला वाटलं ऐकू आलं नाही. रात्री जेवणं झाली, ते झोपायला गेले.

रविवारी सकाळी चहा घेताना आपणहून म्हणाले, "मोजणीदार."

मी म्हटलं, काय?

"मोजणीदार व्हायचं होतं मला. आमच्या रानात मोजणी आली होती, मी सातवीत असेन. ३३ फुटांची साखळी असायची. तिचं एक टोक मला धरायला दिलं होतं त्या माणसाने. दिवसभर त्याच्याबरोबर फिरलो. संध्याकाळी त्याने कागदावर सगळं रान काढून दाखवलं. आपलं रान, शेजाऱ्याचं, बांध, विहीर. एवढंसं. मला वाटलं, हेच." मग थोडं थांबून म्हणाले, "पुढे बाबा गेले. मग वर्कशॉपात जागा निघाली."

लेक दारात उभी राहून ऐकत होती. तिने काही विचारलं नाही. लॅपटॉप आणला, त्यांच्या शेजारी बसली आणि उपग्रहाच्या नकाशात आमचं गाव काढून दिलं. अण्णांनी चष्मा बदलला, स्क्रीनच्या इतके जवळ गेले की तिने लॅपटॉपच त्यांच्या मांडीवर ठेवला. पाचेक मिनिटं काहीच बोलले नाहीत. मग बोट ठेवून म्हणाले, "हे नाव चुकीच्या जागी लिहिलंय. ओढा इथून नाही जात, देवळाच्या मागून जातो."

लेक म्हणाली, "मग दाखवा ना काढून."

शमीताई, तुम्ही लावलेल्या दाराचं म्हणालात. मला वाटलं होतं दार उघडलं की हळहळ बाहेर येईल. ती असेलही. पण मला दिसला तो साखळीचं टोक धरून रानभर फिरणारा मुलगा. त्या दिवशी ताट सरकवून ते बोलले तेव्हा त्यांच्या आवाजात काय होतं, ते मला आता कळतंय. त्यांना नातीचा राग आला नव्हता. तिला प्रश्न पडायला सवड मिळाली, ते बघून त्यांना स्वतःचं आठवलं होतं.

लेकीचं अजून काही ठरलेलं नाही. क्लास सुटला तो सुटला, बारावी नीट करते म्हणालीय. ती आता भूगोल घेणार का, असं कृपया कोणी विचारू नका. मीही विचारलेलं नाही.

---

दूरदेशी

नाही विचारत. आमच्या चिरंजीवांनाही आता विचारणं बंद केलंय. काल स्वतःहून पोळ्या लाटायला शिकला, तेवढं कळवतो.

---

रोखठोक

अण्णांना माझा नमस्कार सांगा. सोळावं लागलं की मित्रासारखं वागावं म्हणतात. चौऱ्याहत्तराव्या वर्षीही वागता येतं, हे तुमच्या लेकीने दाखवलं.

---

गिरणगावकर

अण्णांचा नकाशा पुरा झाला की इथे डकवा.

---

अंगणवेल

नक्की डकवते. वहीच्या मागच्या पानावर पेन्सिलीने सुरू केलाय. आधी उत्तर दिशा दाखवायची असते म्हणाले, ती दाखवून झाली. ओढा आणि देऊळ झालं. विहीर नेमकी कुठे होती यावर त्यांचं आणि गावच्या काकांचं कालपासून फोनवर चाललंय.